ऐतिहासिक गुन्हेकथांमधला काळ खरा वाटतो तो कशामुळे?

प्रश्न : पानोपानी

नमस्कार. गेले वर्षभर मी जुन्या काळात घडणाऱ्या गुन्हेकथा एकापाठोपाठ एक वाचत आहे. सुरुवात योगायोगाने झाली. एलिस पीटर्स यांची ‘वन कॉर्प्स टू मेनी’ ही कादंबरी हाती पडली आणि पहिल्या काही प्रकरणांतच मी तिच्यात पुरता गुंतलो. साल ११३८. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांच्यात यादवी चालू आहे. स्टीफनने श्रॉपशर परगण्यातल्या श्रूसबरीचा किल्ला घेतला आहे आणि आतल्या शिबंदीतल्या ९४ जणांना फासावर चढवले आहे. मृतांना निदान नीट मूठमाती मिळावी म्हणून जवळच्या मठातला ब्रदर कॅडफेल परवानगी घेऊन किल्ल्यात जातो. प्रेते ओळीने मांडून घेतो, त्यांचे चेहरे पुसतो आणि मोजतो. ती ९५ भरतात. पुन्हा मोजतो, तरी ९५च. जास्तीच्या तरुणाच्या गळ्यावरचा वळ फासाच्या जाड दोराचा नसतो. कोणीतरी मागून बारीक दोरी आवळलेली असते. जिथे राजाच्या हुकमाने ९४ माणसे मारली गेली, तिथे एकाच्या खुनाची चौकशी कशाला, असे सगळेच विचारतात, आणि कॅडफेलला मात्र तो एकच मृत्यू नजरेआड करता येत नाही.

त्यानंतर मी याच प्रकारातली दुसरी एक कादंबरी वाचली. तिचे नाव मुद्दाम देत नाही. पोशाख, मेजवान्या, चिलखते, मेणबत्त्या, सगळे तपशील तिच्यात होते आणि त्यांतला एकही चुकीचा असल्याचे मला दाखवता येणार नाही. तरीही ती आजच्याच माणसांची गोष्ट वाटत राहिली. शोध घेणारा नायक प्रेताला हात लावून मृत्यूची वेळ तासाच्या हिशेबात सांगत होता, संशयितांना एकेक करून खोलीत बोलावून जबान्या घेत होता, आणि कोणीही त्याला ‘तू कोण विचारणारा?’ असे म्हणत नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. हा काळ खरा वाटणे नेमके कशावर अवलंबून असते? लेखकाने किती वाचले आहे यावर, की आणखी कशावर? बोटांचे ठसे नाहीत, रक्ताची तपासणी नाही, पोलीस नाहीत, अशा जगात रहस्य उभे करताना चांगला लेखक कशाचा आधार घेतो? इतिहासात फेरफार करण्याची त्याला कितपत मोकळीक असावी? इथल्या अनुभवी वाचकांची मते सविस्तर वाचायला आवडतील. शक्यतो गुन्हेगार कोण हे फोडू नये, एवढी विनंती.

उत्तर १ : दावा-दरखास्त

मी व्यवसायाने वकील आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असेल, पण ते ठाम आहे. या प्रकारच्या कादंबरीचा जीव पोशाखात नसतो, त्या काळच्या कायद्यात असतो. तुमच्या दुसऱ्या कादंबरीत ‘तू कोण विचारणारा?’ असे कोणी म्हणत नाही, हे तुम्ही अचूक टिपले आहे. लंडनला आजच्या अर्थाने पोलीसदल मिळाले ते १८२९ साली. त्याआधी कित्येक शतके तिथे गुन्ह्याचा शोध घेणे हे कोणा एकाचे पगारी काम नव्हते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रेत सापडले की सापडणाऱ्याने आरडाओरड करून शेजाऱ्यांना गोळा करायचे आणि सगळ्यांनी मिळून गुन्हेगाराचा पाठलाग करायचा, असा दंडकच होता. जो ओरडला नाही त्याला दंड. अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारीसुद्धा ११९४ साली नेमला गेला, म्हणजे कॅडफेलच्या काळात तोही नाही. अशा जगात कोणी प्रश्न विचारायला निघाला, तर तो कोणत्या अधिकाराने विचारतो हा कथेतला पहिला पेच असायला हवा. कॅडफेलकडे अधिकार नाही, म्हणून त्याला शेरीफच्या, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या, माणसाशी मैत्री लागते, मठाधिपतीची परवानगी लागते, कधी रात्री गुपचूप बाहेर पडावे लागते. रहस्याची निम्मी वीण त्या परवानग्यांतूनच तयार होते.

याच मालिकेतल्या ‘द सँक्च्युअरी स्पॅरो’ या कादंबरीचे उदाहरण घ्या. मध्यरात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी एक फाटका, मार खाल्लेला भटका गवई जमावापुढे धावत चर्चमध्ये शिरतो आणि वेदीचे वस्त्र घट्ट धरतो. चर्चचा आश्रय मागणाऱ्याला चाळीस दिवस कोणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. झाले, लेखिकेला घड्याळ मिळाले. चाळीस दिवसांत खरा गुन्हेगार सापडला नाही तर तो पोरगा बाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती जाणार. ही उत्कंठा लेखिकेने कृत्रिमपणे आणलेली नाही, ती कायद्याने आयती दिली आहे.

सी. जे. सॅन्सम यांच्याकडे तर हे फार ठळकपणे दिसते. त्यांनी इतिहासात डॉक्टरेट केली आणि पुढे सॉलिसिटर म्हणून काम केले, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या पानापानांत उतरल्या आहेत. त्यांचा मॅथ्यू शार्डलेक हा आठव्या हेन्रीच्या काळातला कुबडा वकील. २००३ साली आलेल्या ‘डिझोल्यूशन’मध्ये राजाचा मुख्य मंत्री टॉमस क्रॉमवेल त्याला समुद्रकाठच्या एका मठात पाठवतो, कारण मठ बंद करण्याची बोलणी करायला आलेल्या अधिकाऱ्याचा तिथे शिरच्छेद झाला आहे. १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले सुमारे आठशे मठ बंद झाले. जमिनी सरकारजमा झाल्या, घंटा आणि छपरांवरचे शिसे उतरवून वितळवले गेले, साधूंना निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले गेले. कादंबरीतला प्रत्येक जण या कागदपत्रांच्या छायेत वावरतो. मठाची हिशेबवही कोणाकडे आहे, जमीन कोणाला विकली, हे प्रश्न तलवारीइतकेच धोकादायक ठरतात. आयुष्यभर सातबारे आणि खरेदीखते चाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना ओळखीच्या गावात आल्यासारखे वाटले.

त्यांच्या ‘डार्क फायर’मध्ये एका मुलीवर खुनाचा आरोप आहे आणि ती तोंड उघडत नाही. गुन्हा कबूल नाही, नाकबूलही नाही. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात आरोपीने बाजू मांडल्याशिवाय खटला उभाच राहत नसे. म्हणून मौन धरणाऱ्याला जमिनीवर आडवे करून त्याच्या छातीवर दगड रचत जायचे, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. असे मरण पत्करणाऱ्यांची संख्या शून्य नव्हती, कारण खटल्यात दोषी न ठरता मेलेल्याची मालमत्ता जप्त होत नसे आणि मुलाबाळांना राहत असे. ही पद्धत रद्द व्हायला १७७२ साल उजाडले. हा नियम ठाऊक झाल्यावर त्या मुलीच्या मौनाकडे आपण कसे पाहतो, ते तुम्हीच अनुभवा.

मी स्वतः एक कसोटी लावतो. पुस्तक संपल्यावर विचारतो, की हा गुन्हा उचलून दोनशे वर्षे पुढे नेऊन ठेवला तर तो तसाच घडला असता का? घडला असता असे उत्तर आले, तर इतिहास हा नुसता मागचा पडदा होता.

उत्तर २ : खल-बत्ता

मूळ प्रश्नात एलिस पीटर्स यांचा उल्लेख आला म्हणून लिहिण्याचा मोह झाला. त्यांचे खरे नाव एडिथ पार्जेटर. जन्म १९१३, श्रॉपशरमधल्या हॉर्सहे या खेड्यात. मृत्यू १९९५, त्याच परगण्यात. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरुणपणी त्यांनी जवळच्याच गावात औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम केले. महायुद्धात त्या नौदलाच्या महिला शाखेत होत्या. पुढे चेक भाषा शिकून त्यांनी त्या भाषेतल्या साहित्याचे इंग्रजीत अनुवाद केले. स्वतःच्या नावाने त्या ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत आणि ‘एलिस पीटर्स’ या नावाने समकालीन रहस्यकथा; १९६३ साली त्यांतल्या एकीला अमेरिकेचा एडगर पुरस्कारही मिळाला. म्हणजे इतिहास एका हातात आणि रहस्य दुसऱ्या हातात, असे बरेच वर्षे चालले होते. दोन्ही हात जुळले ते १९७७ साली, ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’ या पहिल्या कॅडफेल-कथेत, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढच्या सतरा वर्षांत अशा वीस कादंबऱ्या झाल्या.

मी औषधनिर्माण शिकले आणि अठरा वर्षे औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे, म्हणून मला त्यांच्या त्या जुन्या नोकरीचे मोल विशेष जाणवते. कॅडफेल हा मठातल्या वनौषधींच्या बागेचा राखणदार आहे. त्याच्या लाकडी खोपटात छताला जुड्या टांगलेल्या, मंद आचेवर काढा शिजतो आहे, ओळीने कुप्या ठेवलेल्या, आणि खसखशीच्या बोंडांचा अर्क मात्र तो हात आखडून देतो. हे वर्णन पुस्तके चाळून लिहिता येते, पण त्यामागची भीती चाळून लिहिता येत नाही.

‘मंक्स हूड’ ही तिसरी कादंबरी पाहा. सांधेदुखीने आखडलेल्या म्हाताऱ्या साधूंना चोळण्यासाठी कॅडफेल एक तेल बनवतो. त्यात ज्या वनस्पतीची मुळी आहे ती आपल्या बचनागाच्या जातकुळीतली. कातडीवर चोळली तर ठणका बधिर होतो, पोटात गेली तर ओठ आणि जीभ झिणझिणतात, मग बधिरपणा पसरत जातो आणि हृदय थांबते. एका माणसाला अचानक बोलावणे येते म्हणून कॅडफेल धावत जातो, रुग्णाच्या तोंडाशी वाकतो, आणि तिथे त्याला स्वतःच्याच तेलाचा वास येतो. मी ते पान वाचून पुस्तक मिटले होते. आपल्या हातची बाटली कोणाच्या घरी काय करते आहे हे ठाऊक नसणे, ही आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी असणारी धास्ती आहे. सगळा तपास त्या क्षणापासून त्याच्यासाठी वेगळा होतो, कारण चूक कोणाचीही असो, औषध त्याचे आहे.

शिवाय वर वकीलसाहेबांनी म्हटलेले इथेही खरे ठरते. श्रॉपशर वेल्सच्या सीमेवर आहे, कॅडफेल स्वतः वेल्श आहे, आणि या कादंबरीत एक जहागीर सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, म्हणजे तिच्यावर इंग्लिश कायदा चालणार की वेल्श, याला फार महत्त्व येते. याहून जास्त सांगत नाही.

लेखिका एकाच परगण्यात जन्मली, तिथेच राहिली आणि तिथलीच नदी, तिथलेच पूल, तिथलाच मठ तिने लिहिला. सेव्हर्न नदीला पूर आला की पाणी कोणत्या कुरणात शिरते हे तिला विचारून घ्यावे लागत नव्हते. काळ खरा वाटण्यात जागा खरी असण्याचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

उत्तर ३ : तळटीप

वरील दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, पण एक मुद्दा मला मान्य नाही, आणि तो मांडल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. मी इतिहास शिकवतो. कॅडफेलची कुरणे बाराव्या शतकातली असतील, कायदा बाराव्या शतकातला असेल, पण कॅडफेल स्वतः बाराव्या शतकातला नाही. धर्मयुद्धावर जाऊन आलेला, तिकडच्या मुसलमान वैद्यांकडून विद्या शिकलेला, प्रेमिकांना पळून जायला मदत करणारा, चमत्कारांकडे समजूतदार स्मित करून पाहणारा हा माणूस विसाव्या शतकातला सज्जन उदारमतवादी आहे. पहिल्याच कादंबरीचा विषय घ्या. श्रूसबरीच्या मठातल्या प्रायर (मठाधिपतीच्या खालोखालचा अधिकारी) रॉबर्टने ११३० च्या दशकाच्या अखेरीस वेल्समधल्या ग्विथरिनहून संत विनिफ्रेडच्या अस्थी खरोखरच आणल्या आणि तिचे चरित्रही लिहिले. त्या माणसाची श्रद्धा कशी असेल याची कल्पना करणे अवघड आहे, आणि नेमके तेच काम कादंबरी टाळते. ती त्याला महत्त्वाकांक्षी आणि थोडा पोकळ ठरवून मोकळी होते. अस्थींत सामर्थ्य आहे असे मनोमन मानणारा बुद्धिमान माणूस उभा करणे, ही खरी कसोटी होती.

सॅन्सम मला या बाबतीत श्रेष्ठ वाटतात. शार्डलेक सुरुवातीला सुधारणावादी धर्ममताचा कट्टर अनुयायी आहे. मठ बंद व्हावेत असे त्याला मनापासून वाटते, क्रॉमवेलवर त्याचा विश्वास आहे. त्याचा भ्रमनिरास होतो तो आजच्या विचारांमुळे नव्हे. ज्या धर्मासाठी हे चालले आहे असे त्याला वाटत होते, त्याच धर्माच्या कसोटीवर आपली माणसे खोटी ठरताना त्याने पाहिलेली असतात. तो आपल्यासारखा होत जात नाही. तो त्याच्याच काळात एकटा पडत जातो. २०१८ सालच्या ‘टूमलँड’पर्यंत, म्हणजे १५४९ च्या नॉर्फकमधल्या केटच्या बंडापर्यंत, हा प्रवास चालतो. २०२४ साली सॅन्सम गेले आणि तो तिथेच थांबला, याचे मला अजून वाईट वाटते.

फेरफार किती करावा, या प्रश्नावर माझे उत्तर थोडक्यात असे आहे : करावा, पण सांगावा. सॅन्सम पुस्तकाच्या शेवटी सविस्तर टिपण देतात, त्यात काय नोंदलेले आहे आणि काय त्यांनी रचले आहे हे वेगळे करतात. ‘टूमलँड’च्या शेवटी तर बंडावर दीर्घ निबंधच आहे. वाचकाचा असा मान राखणाऱ्या लेखकाला मी बरीच मोकळीक द्यायला तयार आहे.

उत्तर ४ : शाईची दौत

‘तळटीप’ यांच्या आक्षेपावर थोडे लिहितो. एखादे पात्र ‘फार आधुनिक’ वाटते, हा आपला निवाडा नेहमी विश्वासार्ह असतो का? उम्बर्तो इको यांनी १९८० साली ‘द नेम ऑफ द रोझ’ ही चौदाव्या शतकातल्या मठात घडणारी खुनाची कादंबरी लिहिली आणि नंतर तिच्या घडणीविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की वाचक किंवा समीक्षक जिथे जिथे ‘हे वाक्य चौदाव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही’ म्हणाले, तिथे तिथे ते प्रत्यक्ष चौदाव्या शतकातला मजकूर उद्धृत करत होते. आपण जुन्या माणसांना जितके भोळे समजतो तितके ते नव्हते, ही शक्यता हिशेबात धरायला हवी. कॅडफेलबद्दलचा तुमचा आक्षेप तरीही बऱ्याच अंशी खरा आहे, हे मान्य करतो.

त्याच पुस्तकात काळ खरा कसा होतो, याचे मला आवडलेले दोन नमुने आहेत. कथानकासाठी इको यांना डुकरांच्या रक्ताने भरलेला मोठा रांजण हवा होता. डुकरे कापली जातात ती कडक थंडीत. पण कथा १३२७ च्या नोव्हेंबरअखेरीसच घडायला हवी होती, कारण फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख मायकेल डिसेंबरमध्ये अविन्योंला, म्हणजे तेव्हाच्या पोपच्या मुक्कामी, पोहोचल्याची नोंद आहे. नोव्हेंबरात इतकी थंडी कुठे असेल? उंच डोंगरात. म्हणून मठ डोंगरावर गेला. एका रांजणामुळे सगळ्या कादंबरीचा भूगोल ठरला. दुसरा नमुना त्याहून साधा. मठाचा नकाशा त्यांनी आधी काढला होता, आणि दोन पात्रे भोजनगृहापासून ओवरीपर्यंत बोलत चालली असतील, तर तेवढे अंतर संपले की संवादही संपायचा. वाचकाला हा हिशेब दिसत नाही, पण त्याच्या पायांना तो जाणवतो.

आता पूर्वेकडे येऊ, कारण आतापर्यंतची सगळी उदाहरणे युरोपातली झाली. रॉबर्ट व्हान खुलिक हे डच मुत्सद्दी आणि चिनी विद्येचे मोठे अभ्यासक. त्यांनी एक जुनी चिनी न्यायकथा इंग्रजीत आणून १९४९ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे त्याच नायकावर स्वतः कादंबऱ्या लिहिल्या. नायक न्यायाधीश डी, म्हणजे चीनच्या थांग राजवटीत प्रत्यक्ष होऊन गेलेला राजकारणी डी रेनजिए. जन्म ६३०, मृत्यू ७००. पोलीस नाहीत, तपासाचा अधिकार कोणाला, हा प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण जिल्ह्याचा न्यायाधीश हाच तपास अधिकारी, हाच सरकारी वकील आणि हाच निवाडा करणारा. पण त्याच्यापुढे दुसरीच अडचण आहे. आरोपीने कबुली दिल्याशिवाय त्याला शिक्षा देता येत नाही. कबुलीसाठी छळ करण्याची कायद्यात मुभा आहे, आणि निर्दोष माणूस छळाने मेला तर न्यायाधीशाचीच मान अडकते. त्यामुळे गुन्हेगार कोण हे डीला कळल्यावर गोष्ट संपत नाही. त्याच्या तोंडून ते वदवायचे कसे, इथे तिला रंग चढतो. पाश्चात्त्य रहस्यकथेत हा भाग सहसा दोन पानांत उरकलेला असतो.

पुराव्याबद्दल विचारले आहे, म्हणून चीनमधलीच एक गोष्ट सांगतो. सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली प्रेततपासणीवर एक ग्रंथ लिहिला, तो पुढे कित्येक शतके अधिकाऱ्यांच्या हाती होता. त्यात एक हकीकत आहे. रस्त्याकडेला एक माणूस विळ्याने मारलेला सापडतो. तपास करणारा आसपासच्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला सांगतो. सत्तर-ऐंशी विळे. उन्हाळ्याचे दिवस. थोड्या वेळाने माशा येतात आणि एकाच विळ्यावर बसतात. पाते पुसलेले आहे, स्वच्छ दिसते आहे, पण माशांना रक्ताचा वास लागला आहे. विळ्याचा मालक कबूल करतो. प्रयोगशाळा नव्हती म्हणजे निरीक्षण नव्हते, असे नव्हे. उलट आपण ज्यांना जुनी मानतो ती शास्त्रीय साधने फारच अलीकडची आहेत : सोमलाच्या विषाची खात्रीलायक चाचणी १८३६ ची, रक्तगटांचा शोध १९०१ चा, बोटांच्या ठशांवरून खुनी सापडल्याचे पहिले गाजलेले प्रकरण १८९२ चे, अर्जेंटिनातले. त्याआधीच्या हजारो वर्षांतल्या तपासाला माशा, वास, वळ, चिखल आणि माणसाचा चेहरा यांवरच भागवावे लागले, आणि चांगला लेखक याला उणीव समजत नाही.

फेरफाराबद्दल एक जोड. व्हान खुलिक यांनी सातव्या शतकातल्या डीभोवती मुद्दाम मिंग काळातला, म्हणजे सातआठशे वर्षांनंतरचा, समाज उभा केला आणि पुस्तकांच्या शेवटी तसे स्पष्ट लिहिले. त्यांचे म्हणणे, जुने चिनी कथाकारही हेच करत. चित्रेही त्यांनी स्वतःच मिंग शैलीत काढली. ‘करावा, पण सांगावा’ या नियमात हे बसते का, हे ‘तळटीप’ यांनीच सांगावे.

उत्तर ५ : तळटीप

बसते. मनाला थोडे खटकते, पण बसते. त्यांनी एका सबंध साहित्यपरंपरेची सवय उचलली आहे आणि ती लपवलेली नाही. इको यांचा मुद्दाही मला विचारात पाडणारा आहे. तरी प्रायर रॉबर्टबद्दलची माझी तक्रार मी मागे घेत नाही.

उत्तर ६ : पानोपानी

सर्वांचे मनापासून आभार. एवढी सविस्तर उत्तरे येतील असे वाटले नव्हते. वकीलसाहेबांची कसोटी मी त्या दुसऱ्या कादंबरीला लावून पाहिली. तो खून खरोखरच कोणत्याही शतकातल्या कोणत्याही वाड्यात होऊ शकला असता. उलट ९५ व्या प्रेताची कल्पना त्या आठवड्यातल्या त्या किल्ल्याबाहेर कुठेही जमली नसती. समकालीन इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस याने स्टीफनच्या या फाशीसत्राची नोंद केली आहे आणि ९४ हा आकडा तिच्यावरूनच येतो, हे काल वाचनात आले. म्हणजे लेखिकेने इतिहासाने दिलेल्या संख्येत फक्त एक मिळवला. एवढ्या छोट्या बेरजेतून अख्खी कादंबरी उभी राहिली, याचे मला राहून राहून नवल वाटते आहे.

एकच विचारायचे राहिले. कॅडफेलची मालिका कोणत्याही क्रमाने वाचली तर चालेल का? आणि त्याआधी या प्रकारात कोणी काही लिहिले होते का?

उत्तर ७ : दावा-दरखास्त

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ॲगाथा ख्रिस्ती यांनी १९४४ सालीच ‘डेथ कम्स ॲज दि एंड’ ही कादंबरी इसवी सनापूर्वी सुमारे २००० वर्षांच्या इजिप्तमध्ये घडवली. एका इजिप्त-अभ्यासक मित्राने त्यांना ही कल्पना सुचवली होती, आणि आधार होता एका जमीनदार पुरोहिताने घरी पाठवलेल्या, उत्खननात सापडलेल्या खऱ्या पत्रांचा. त्या पत्रांत तो धान्याच्या वाटणीवरून मुलांना खडसावतो आणि घरात आणलेल्या नव्या बाईला नीट वागवत नाही म्हणून रागावतो. घरातल्या कुरबुरी चार हजार वर्षे टिकल्या आणि त्यांतून खुनाची गोष्ट निघाली. तपासाच्या बाजूने ती मला मध्यम वाटली, पण धान्य मोजण्याची दृश्ये विसरता येत नाहीत. रोमची आवड असेल तर स्टीव्हन सेलर यांची १९९१ ची ‘रोमन ब्लड’ वाचा. पितृहत्येचा आरोप असलेल्या सेक्स्टस रोस्कियसचा बचाव पुढे प्रसिद्ध वक्ता झालेल्या तरुण सिसेरोने इसवी सनापूर्वी ८० साली केला, ते भाषण आजही उपलब्ध आहे. दोषी ठरल्यास आरोपीला जिवंत प्राण्यांसह पोत्यात शिवून पाण्यात फेकायचे, ही शिक्षा होती. कादंबरी त्या खटल्याच्या मागच्या बाजूने शिरते. आधी कादंबरी आणि मग मूळ भाषण असा क्रम मी ठेवला होता, आणि वकिली करणाऱ्या प्रत्येकाला तो सुचवतो.

कॅडफेल मात्र क्रमानेच वाचावा. वीसही कादंबऱ्या ११३७ ते ११४५ या आठ-नऊ वर्षांत घडतात. राज्याचे पारडे कधी स्टीफनकडे, कधी मॉडकडे झुकते, शेरीफ बदलतात, मठाधिपती बदलतात, दुसऱ्या पुस्तकात भेटलेला तरुण पुढे संसारी होतो. तुम्ही दुसरे आधी वाचले आहे, त्याने फार बिघडले नाही. आता पहिल्याकडे मागे जा, ग्विथरिनच्या अस्थींकडे, म्हणजे प्रायर रॉबर्टबद्दलच्या तक्रारीत किती तथ्य आहे हे तुम्हालाच ठरवता येईल. त्यानंतर ‘मंक्स हूड’ घ्या.